कानाचं पुस्तक आणि डोळ्यांचं पुस्तक: मुलांना वाचनाची गोडी लावताना

मला वाचनाचं वेड लागलं ते ताईच्या झोपेमुळे. ती रोज रात्री मला गोष्ट वाचून दाखवायची. मी दुसरीत होते. अक्षरं यायची, पण जोडाक्षर आलं की गाडी अडायची, म्हणून स्वतः पुस्तक उघडायच्या भानगडीत मी पडत नसे. एका रात्री गोष्टीतला मुलगा बोगद्यात शिरला, आतून कुणीतरी त्याचं नाव घेऊन हाक मारली, आणि ताईनं पुस्तक मिटलं. "मला झोप येतेय गं. पुढचं उद्या." मी रडले, भांडले, तिला हलवलं. ती कूस बदलून घोरायला लागली. शेवटी मी पुस्तक घेऊन दिव्याखाली बसले आणि ओळीवर बोट ठेवत, अडखळत, दोन पानं वाचली. हाक मारणारा त्या मुलाचा आजोबा निघाला. ताईच्या आधी ते मला कळलं होतं.

पुढे मुलाला वाचायला शिकवताना, आणि नंतर बरीच वर्षं शेजारपाजारच्या मुलांना घेऊन बसताना, त्या रात्रीचा हिशेब मी पुन्हा पुन्हा मांडला. तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. ऐकून ऐकून कान तयार होता, अक्षरं बऱ्यापैकी हाताशी होती, आणि पुढे काय झालं हे कळल्याशिवाय चैन पडत नव्हतं. यातली एक जरी कमी असती तरी मी रडून झोपले असते.

आईवडिलांकडून हमखास ऐकू येणारी तक्रार अशी असते: "त्याला वाचता येतं हो, पण वाचत नाही." मी उलट विचारते, "तुम्ही वाचून दाखवायचं कधी बंद केलंत?" बहुतेकदा उत्तर येतं, तो वाचायला लागला तेव्हा. गोम तिथेच आहे. सहा वर्षांच्या मुलाचा कान समुद्री चाचे, भुयारं, फितुरी सगळं समजतो. त्याच मुलाचे डोळे मात्र 'मगन, घर बघ' एवढ्यावरच दमतात. वाचता येऊ लागल्याची शाबासकी म्हणून आपण चाचे काढून घेतो आणि मगन हातात देतो. पुस्तक म्हणजे कंटाळा, हे मूल तिथे शिकतं.

म्हणून या लेखात मी दोन पुस्तकं धरून चालणार आहे. एक कानाचं, म्हणजे मोठ्यांनी वाचून दाखवायचं. दुसरं डोळ्यांचं, म्हणजे मुलानं स्वतः वाचायचं. दोन्ही कित्येक वर्षं शेजारी शेजारी चालतात. सगळी कसरत ती एकमेकांना भेटेपर्यंतची आहे.

आधी थोडा हिशेब

बोलणं मूल आपोआप शिकतं, माणसांत वाढलं की पुरे. वाचणं तसं नाही. लेखन जेमतेम पाच हजार वर्षांचं आहे, आणि मेंदूत वाचनासाठी जन्मजात राखून ठेवलेली जागा नाही. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातला, डाव्या बाजूचा मागचा एक तुकडा सरावानं अक्षरांच्या कामाला लागतो. ही जुळणी प्रत्येक मुलाच्या डोक्यात नव्यानं करावी लागते. त्यामुळे "घरात पुस्तकं आहेत, लागेल आपोआप सवय" यावर फार विसंबू नये.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं: समजून वाचणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. हा गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. धडाधड वाचून दाखवणारं पण काय वाचलं ते न सांगू शकणारं मूल, आणि गोष्टी रंगवून सांगणारं पण दोन ओळी वाचू न शकणारं मूल, दोघंही एकाच उत्तरावर येतात. उपाय मात्र दोघांचे वेगळे.

आणि हे बालपणीचं प्रकरण पुढे किती टिकतं? ॲन कनिंगहॅम आणि कीथ स्टॅनोविच यांनी पहिलीतल्या काही मुलांची वाचनाची तयारी मोजली आणि तीच मुलं अकरावीत गेल्यावर पुन्हा तपासली. त्यांचा निबंध १९९७ चा. पहिलीत ज्यांना वाचन लवकर साधलं होतं ती अकरावीतही जास्त वाचत होती, आणि अकरावीतली त्यांची समज हिशेबातून वेगळी काढली तरी हा संबंध उरत होता. मुलं मोजकी होती, त्यामुळे याला ब्रह्मवाक्य मानू नये. पण कारण ओळखीचं आहे. जमतं ते आवडतं, आवडतं ते हातून जास्त होतं, जास्त होतं ते आणखी जमतं. चाक उलटंही असंच फिरतं.

लवकर साधलं म्हणजे लवकर सुरू केलं, असा अर्थ मात्र काढू नका. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना केली. ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. दहा-अकरा वर्षांची होईतो उशिरा सुरू करणाऱ्यांनी बाकीच्यांना गाठलं होतं. साडेतीन वर्षांच्या पोराच्या हातात पाटी देऊन घाम काढणाऱ्यांनी हे भिंतीवर चिकटवावं. घाई अक्षरांची नसावी. कानाच्या पुस्तकाची असली तर चालेल.

पहिली पायरी: मुलाचे कान भरा, चांगल्या अर्थानं

कधीपासून? मूल मांडीवर बसू लागलं की. त्याला काय कळणार, हा प्रश्न गैरलागू आहे. आपण त्याच्याशी बोलतो तेव्हा तरी त्याला कुठे सगळं कळत असतं?

"गप्पा मारतो की आम्ही भरपूर" असं लोक म्हणतात. गप्पा हव्यातच. पण पुस्तकाची भाषा वेगळी असते. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अहरेन्स यांनी १९८८ मध्ये इंग्रजी भाषेपुरती मोजदाद केली. मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे साधारण ३१ शब्द क्वचित वापरातले निघाले. महाविद्यालयात शिकलेल्या मोठ्या माणसांच्या आपसांतल्या बोलण्यात ते साधारण १७ होते. मराठीत अनुभव घ्यायचा तर आठवून बघा, गेल्या महिन्यात तुम्ही घरात 'निबिड', 'कवाड' किंवा 'हिरमुसला' किती वेळा म्हणालात? गोष्टीतलं अरण्य मात्र निबिड असतंच. हे शब्द कानावरून गेलेले असले की पुढे डोळ्यांसमोर आल्यावर मूल ते ओळखतं. नसले तर अक्षरं लावूनही हाती काही लागत नाही.

वाचून दाखवताना मी काही गोष्टी पाळते. पान उलटायचं काम मुलाचं. मधूनमधून थांबून "आता हा काय करेल रे?" असं विचारायचं, आणि उत्तर येईतो खरंच थांबायचं. प्रौढांना हे थांबणं फार जड जातं. मुलानं "पळाला" म्हटलं तर "हो, घाबरून धूम पळाला" असं त्याच्याच उत्तरात भर घालून परत द्यायचं. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अशा संवादी वाचनाचा अभ्यास केला तेव्हा महिनाभरात मुलांच्या बोलण्यात फरक दिसला होता. प्रत्येक पानावर प्रश्न मात्र विचारू नका. गोष्टीची चौकशी समिती होते.

प्रत्येक अनोळखी शब्दाचा अर्थही सांगायचा नाही. ओघात कळला तर उत्तम. नाहीच कळला आणि मुलानं विचारलं, तर एका वाक्यात सांगून पुढे.

तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तर? वाचा. मला माहीत आहे किती कंटाळा येतो. एकदा मी थकून मधलं एक वाक्य गाळलं, तर अडीच वर्षांचं माझं पोर पानावर हात आपटून म्हणालं, "कुत्रा राहिला!" त्याला एकही अक्षर येत नव्हतं, पण त्या पानावर कुत्र्याचं वाक्य असतं आणि ते रोज तिथेच असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. छापलेलं बदलत नाही हे कळणं म्हणजे वाचनाचं अर्धं दार उघडणं.

दुसरी पायरी: आवाज सुटे करणं

ही पायरी छोटी आहे आणि तिला कागद लागत नाही. अक्षर ही आवाजाची खूण आहे, तेव्हा आधी आवाज वेगळा ऐकू यायला हवा. शब्दांच्या भेंड्या खेळा. 'क'नं सुरू होणाऱ्या किती वस्तू दिसतात ते शोधा. 'दगड'मधला 'द' काढला तर काय उरलं? 'गड'! आणि 'चटणी'मधला 'च' पळवला तर? 'टणी' म्हणजे काहीच नाही, यावर मुलं खदाखदा हसतात आणि नेमकं शिकायचं ते शिकतात. चालताना, अंघोळ घालताना, पाच-पाच मिनिटं. बास.

तिसरी पायरी: अक्षरं, पण रांगेत नकोत

मुळाक्षरांचा क्रम सुंदर आहे. कंठापासून ओठांपर्यंत उच्चाराच्या जागेनुसार लावलेला आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्याचं कौतुक, पण वाचायला शिकणाऱ्याला तो गैरसोयीचा. 'क ख ग घ ङ' पाठ झालं तरी वाचण्याजोगा शब्द हाती लागत नाही. बाराखडी पुरी होईतो थांबायचं म्हटलं तर चौतीस व्यंजनं गुणिले बारा, म्हणजे चारशेच्या वर आकृत्या. तोवर मुलाचा उत्साह आटतो.

त्याऐवजी पाच अक्षरं घ्या: क, म, न, ल, ब. आणि पहिल्याच आठवड्यात काना. एवढ्या भांडवलावर कान, नाक, मान, काम, लाल, बाक, काका, मामा, बाबा इतकं वाचता येतं. 'बाबा' हा शब्द स्वतः वाचल्यावर मूल बाबांकडे ज्या नजरेनं बघतं ती बघण्यासारखी असते. मग त, र, स, प आणि वेलांटी. नवीन अक्षर आलं की त्याच दिवशी ते शब्दात वापरायचं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही जुळ्यासारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर दुसरं.

सुदैवानं आपली लिपी बरीच प्रामाणिक आहे. फिलिप सेमूर यांच्या गटानं २००३ मध्ये युरोपातल्या तेरा भाषांत पहिल्या वर्षाअखेर मुलं किती शब्द बरोबर वाचतात ते पाहिलं. लिहिल्याप्रमाणे उच्चार होणाऱ्या फिनिशमध्ये मुलं जवळजवळ सगळे शब्द बरोबर वाचत होती, इंग्रजीत शंभरातले ३४. अक्षर आणि आवाज यांची गाठ पक्की असली की काम हलकं होतं. देवनागरी फिनिशच्या बाजूची. फक्त खुणा पुष्कळ, आणि काही जागी खड्डे आहेत. मूल तिथे पडलं तर ते मूर्ख नाही, रस्ता तसा आहे.

पहिला खड्डा शब्दाच्या शेवटी. 'कमळ' सुटं वाचताना मूल क-म-ळ म्हणतं, तिन्हीत अ. बोलताना मात्र शेवटचा अ आपण गिळतो. म्हणून अक्षरं लावून झाल्यावर "आता बोलतो तसं म्हण" हे वाक्य रोज लागतं. दुसरा खड्डा ऱ्हस्व वेलांटी. लिहायची आधी, उच्चारायची नंतर. हिंदी वाचणाऱ्यांवरच्या २००२ मधल्या एका अभ्यासात ही उलटापालट सरावलेल्या वाचकांनाही थोडी महागात पडते असं दिसलं, मग सहा वर्षांच्या मुलाचं काय? तिसरा खड्डा म्हणजे र महाशय. प्रेम, ट्रक, सूर्य आणि सुऱ्या, चार शब्दांत चार सोंगं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. मोठी माणसंही इथे ठेचकाळतात. शिवाय 'चंद्र'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळा, 'जीभ'मधला ज आणि 'जाड'मधला ज वेगळा. हे नियम करून शिकवू नका. शब्द आधी कानावर असला तर मूल बरोबर तोच उच्चार उचलतं. पहिल्या पायरीची ठेव इथे व्याजासकट मिळते.

जोडाक्षरांची धास्ती घेऊ नका आणि देऊही नका. मुलाच्या तोंडातल्या शब्दांतूनच ती काढा: गोष्ट, पुस्तक, कुत्रा, सुट्टी, चड्डी. चड्डीनं काम फार लवकर होतं.

चौथी पायरी: मधली दरी

आता खरा अवघड भाग. अक्षरं आली, शब्द लागतात, आणि आपण समजतो की गंगेत घोडं न्हालं. इथपासून सफाईदार वाचनापर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि मुलं पुस्तकांपासून तुटतात ती याच काळात.

माझी भाची सात वर्षांची असताना मी तिच्यापुढे एक वाक्य ठेवलं: 'ससा विहिरीपाशी थांबला आणि आत वाकून बघू लागला.' तिनं सुरुवात केली. "स...सा... ससा. वि...हि... विही...री... पा... विहिरीपा...शी." श्वास घेतला. "थां...ब...ला, थांबला." 'आणि' एका झटक्यात, 'वाकून'वर पुन्हा रुतली, आणि अखेर पैलतीर गाठून माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. एकही चूक नव्हती. मी विचारलं, "कोण वाकलं?" ती म्हणाली, "विहीर."

हसू आलं, पण यात तिचं काही चुकलं नव्हतं. एका वेळी डोक्यात धरून ठेवायला जागा थोडी असते. ती सगळी अक्षरं लावण्यात खर्ची पडली, सशाला उरलीच नाही. हेच वाक्य मी वाचून दाखवलं असतं तर तिनं सशाला विहिरीत काय दिसलं असेल इथपर्यंत मजल मारली असती. तेव्हा या काळात करायचं ते असं.

रोज आधी डोळ्यांचं पुस्तक, दहा मिनिटं. मूल ताजंतवानं असताना. घड्याळात दहा झाले की वाक्य पुरं करून थांबायचं, चांगलं चाललं असलं तरी. त्यानंतर कानाचं पुस्तक, वीस मिनिटं, त्याच्या डोळ्यांच्या कुवतीपेक्षा कितीतरी वरचं. आणि या दोहोंत सौदा नाही. "हे वाचलंस तरच ते वाचून दाखवीन" म्हटलंत की पहिलं पुस्तक शिक्षा झालं आणि दुसरं लाच.

मूल शब्दावर अडलं तर मनात पाच अंक मोजा. तोंड उघडायचं नाही. पाचात बहुतेक वेळा त्याला जमतं. नाही जमलं तर बोटानं शब्दाचा पुढचा भाग झाका, 'विहि' एवढंच दिसू द्या, मग 'री', मग 'पाशी'. तरीही नाही तर सरळ शब्द सांगा आणि पुढे जा, व्याख्यान नको. "चित्र बघून ओळख" असं कधी म्हणू नका. अंदाज बांधायची सवय लागली की पुढे, चित्रं संपल्यावर, पाय लटपटतात.

दहा शब्दांत एकापेक्षा जास्त ठिकाणी अडायला होत असेल तर पुस्तक तूर्त अवघड आहे. ते कानाच्या ढिगात टाका आणि दुसरं घ्या. दुसरं कोणतं? ज्यातलं मुलाला आधीच पुष्कळ माहीत आहे असं. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. डायनासोरची सतरा नावं तोंडपाठ असलेल्या पोराला फुलपाखरांचं गोड पुस्तक कशाला? 'टायरनोसॉरस' तो वाचतो, तुम्हीच अडखळाल.

एकच छोटा उतारा तीन-चार दिवस पुन्हा पुन्हा वाचायला द्या. एस. जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये पुनर्वाचनाची ही रीत मांडली आणि ती आजही तितकीच कामाची आहे. पहिल्या दिवशी रखडत, तिसऱ्या दिवशी बऱ्यापैकी, चौथ्या दिवशी आवाजात चढउतार येतो. तो चढउतार हीच खूण: आता डोक्यात सशाला जागा झाली. मूल एकटं वाचताना कंटाळतं, म्हणून ऐकणारा बदलत राहा. आजी, मांजर, फोनवरची आत्या, कुणीही चालेल. मांजर चुका काढत नाही, हा तिचा मोठा गुण.

डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये मांडलेली एक कल्पना मला धीर देत आली आहे. मूल जो शब्द स्वतः अक्षरं लावून सोडवतं तो थोडक्या भेटींत पाठ होतो, मग तो लावावा लागत नाही, नुसता दिसतो. म्हणजे रोजच्या त्या रखडण्यातून मूल स्वतःच स्वतःचा गुरुजी होत असतं. बाहेरून मात्र काहीच होत नाहीय असं दिसतं, आणि आपला धीर नेमका तेव्हाच सुटतो.

माझाही सुटला होता. "काल तर हाच शब्द आला होता तुला!" असं मी मुलावर ओरडले. दुसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊन बसला, पण अडला की पुस्तकाकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागला. ती सवय मोडायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत तो वाचत असताना मी त्याच्या मागे बसत असे, म्हणजे त्याला माझा चेहराच दिसू नये.

पाचवी पायरी: मधेच पुस्तक मिटणं

वाचनात थोडी सफाई आली की ताईचा उपाय. कानाचं पुस्तक रंगात आलं की योग्य जागी थांबा. पुस्तक मुलाच्या हाताला येईल असं ठेवा, दिवा चालू राहू द्या, आणि निघून जा. "वाचायचं असेल तर वाच" हेसुद्धा म्हणू नका. पहिल्या पाच-सहा वेळा काही होणार नाही. मूल मुकाट झोपेल. होऊ दे.

मधला टप्पा म्हणून वाटून वाचता येतं. एक परिच्छेद तुम्ही, एक मुलानं. संवाद असतील तर राक्षस त्याला द्या, राक्षसाला वाक्यं थोडी आणि मजा जास्त असते.

याच सुमाराला मुलं मालिकेतली पुस्तकं धरतात. तेच नायक, तीच करामत, पंचवीस भाग. मोठ्यांना ते टुकार वाटतं. वाटू द्या. तीच माणसं, तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात म्हणून मूल वेग पकडतं, आणि वेग पकडला की वाचताना पान दिसेनासं होऊन गोष्ट दिसू लागते. चित्रकथा, विनोदांची पुस्तकं, विक्रमांच्या याद्या, सगळं चालतं. चांगल्या पुस्तकांचा आग्रह कानाच्या पुस्तकात पुरवून घ्यावा. तिथे निवड तुमची, डोळ्यांच्या पुस्तकात निवड त्याची. अर्धं सोडून दिलेलं पुस्तक पुरं करायला लावू नये. आपण तरी किती पुरी करतो?

पडद्यावर वाचलं तर चालेल का, असं विचारतात. अक्षरं तीच आहेत. पण ज्या यंत्रात पुस्तक आहे त्याच यंत्रात खेळ आणि व्हिडिओही असतील, तर सात वर्षांच्या मुलाकडून संन्याशाच्या संयमाची अपेक्षा करणं आहे ते. कागद गरीब बिचारा, त्यातून सूचना वाजत नाहीत.

बक्षिसाबद्दल

मी एके काळी भिंतीवर तक्ता लावला होता. पुस्तक पुरं केलं की एक तारा, दहा ताऱ्यांना खेळणं. महिनाभर झकास चाललं. मग लक्षात आलं की मुलगा कपाटातली सगळ्यात पातळ पुस्तकं शोधतोय. खेळणं मिळाल्यावर तक्ता उतरवला, तर वाचनही उतरलं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर हेच पाहिलं होतं. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती चित्रांकडे कमी फिरकली. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं त्यांची आवड कायम राहिली. बक्षीस द्यायचंच तर आणखी एक पुस्तक द्या, किंवा झोपायची वेळ पंधरा मिनिटं पुढे ढकला. दुसरं जास्त लागू पडतं.

गाडी पुढे सरकतच नसेल तर

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. किती घरांत वर्षभर रागावणं होतं आणि शेवटी चष्मा लागतो! दोन्ही ठीक असूनही, नीट शिकवून, वर्ष-दीड वर्षानंतरही मूल साधे शब्द लावताना झगडत असेल, यमक जुळवणं किंवा आवाज सुटे करणं त्याला जमत नसेल, कालचा शब्द आज पूर्ण अनोळखी वाटत असेल, तर डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्यापुरत्या अडचणीची, तपासणी करून घ्यावी. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरनं चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकिगत लिहिली होती. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. अशा मुलांना तेच शिकवणं अधिक बारीक पायऱ्यांनी, अधिक वेळा आणि जाणकाराकडून लागतं. "मोठा झाला की येईल" म्हणत वाट बघण्यात नुकसान आहे. आणि या मुलांच्या बाबतीत कानाचं पुस्तक एक दिवसही चुकवायचं नाही. डोळे मागे असले तरी त्यांच्या डोक्यानं मागे राहण्याचं काही कारण नाही.

मूल मोठं झालंय, वेळ गेली का?

बारा-तेरा वर्षांच्या, वाचनाशी फारकत घेतलेल्या मुलाबद्दल विचारणारे बरेच असतात. पुस्तकांची थप्पी आणून टेबलावर ठेवणं आणि "आमच्या वेळी आम्ही" अशी सुरुवात करणं, या दोन्हींचा उपयोग नाही. पुन्हा कानापासूनच सुरू करायचं. फक्त उघडपणे नाही, कारण या वयात मांडीवर बसायची लाज वाटते. त्याचे हात कशात तरी गुंतलेले असताना, सायकल पुसताना, चित्र काढताना, घड्या घालताना, तुम्ही तुमच्यासाठी म्हणून मोठ्यानं वाचायला लागा. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. पुस्तक रहस्याचं, साहसाचं किंवा चावट विनोदाचं असावं. बोधकथा नको. तो म्हणेल, "काय हे, मनात वाच ना." "एवढं पान संपू दे," म्हणायचं आणि वाचत राहायचं. आठवडाभर रोज दहा मिनिटं. मग एके दिवशी ऐन मोक्याला तुम्हाला काम आठवतं. खूण घालून पुस्तक तिथेच ठेवून उठायचं.

दुसऱ्या दिवशी खूण दहा पानं पुढे सरकलेली दिसली, तर पहिल्या जागेवर उघडून तिथूनच वाचायला लागा. त्याला पुढचं माहीत आहे हे तुम्हाला कळलंय, असं चेहऱ्यावर दिसू देऊ नका.